सेव्हिलचा पवित्र आठवडा: खुर्चीला पैसे घालू नका, खोलीला घाला

स्पेनमधल्या सेव्हिलच्या सेमाना सांताबद्दल, म्हणजे ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या मिरवणुकांबद्दल, पहिला प्रश्न हमखास तिकिटाचा येतो. तिकीट नाही. झावळ्यांच्या रविवारपासून (पाम संडे) ईस्टरच्या रविवारपर्यंत साठच्या आसपास धार्मिक मंडळं मूर्ती घेऊन आपापल्या चर्चमधून निघतात, शहराच्या कॅथेड्रलपर्यंत जातात आणि परत फिरतात. रस्ता सगळ्यांना मोकळा. पैसे लागतात ते चार गोष्टींना: ठरलेल्या मार्गावरची खुर्ची, भाड्याची गॅलरी, राहायची खोली आणि तिथवर नेणारी गाडी. निकाल आधीच सांगून टाकायचा तर खुर्चीला पाचपैकी दोन, गॅलरीला एक, गाडीला चार. खोलीला एकच एक आकडा देता येत नाही, कारण ती चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही आठवडा वाया जातो.

तारखा आधी. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. चर्चचं पौर्णिमेचं गणित स्वतःचं असतं, पण आपल्या पंचांगाशी ते सहसा जुळतं. म्हणजे आपली होळीची किंवा हनुमान जयंतीची पौर्णिमा झाली की बहुतेक त्याच आठवड्यात. २०२७ मध्ये झावळ्यांचा रविवार २१ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. २०२८ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला. हा फरक बुकिंगच्या दृष्टीने मोठा आहे. मार्चमधला ईस्टर म्हणजे मुलांच्या परीक्षा, थंड रात्री आणि पावसाचा धोका. एप्रिलच्या मध्यावरचा म्हणजे आपल्या सुट्ट्यांची गर्दी आणि दुपारी चांगलंच ऊन. याच सहलीला ग्रीस जोडायचा बेत असेल तर लक्षात ठेवा की तिथला ऑर्थोडॉक्स ईस्टर वेगळा मोजतात. २०२७ मध्ये तो थेट २ मेला येतो, २०२८ मध्ये मात्र दोन्ही एकाच दिवशी.

आता खुर्ची. प्रत्येक मंडळाला शेवटचा एक टप्पा सामाईक असतो. कांपाना चौकातून आत शिरायचं, सियेर्पेस ही अरुंद पादचारी गल्ली, मग नगरपालिकेसमोरचा सान फ्रान्सिस्को चौक, पुढे कॉन्स्तितुसियोनचा रुंद रस्ता आणि कॅथेड्रल. याला कारेरा ओफिसियाल म्हणतात. पुण्याच्या विसर्जनाला मानाचे गणपती ठरलेल्या क्रमाने लक्ष्मी रस्त्यावर येतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे क्रमाबरोबर मिनिटंही छापलेली असतात. या मार्गावर दुतर्फा खुर्च्या मांडतात, सान फ्रान्सिस्को चौकात बॉक्स उभारतात, आणि मंडळांची मध्यवर्ती समिती त्या आठवड्याभरासाठी भाड्याने देते. बहुतेक खुर्च्या वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांच्या नावावर चालत आलेल्या. बाहेरच्याला मिळतात त्या उरलेल्या. समितीच्या बाहेर कोणी खुर्ची विकत असेल तर घेऊ नका: प्रवेश ठरावीक विभागाच्या पासावर असतो आणि चुकीचा पास घेऊन आलेल्याला अडथळ्याच्या बाहेरच थांबावं लागतं.

दोनच गुण का? खुर्चीवर सगळी मंडळं दिसतात, पण सगळी सारखीच दिसतात. कांपानाला वेळेची नोंद होते, मागे पुढची मंडळं रांगेत असतात, त्यामुळे तिथे सगळ्यांचा रोख पुढे सरकण्याकडे. खरी गंमत बाहेर असते: वळणावर पालखी मुंगीच्या पावलांनी फिरते तिथे, चर्चच्या दारातून वर दोन बोटं जागा ठेवून बाहेर निघते तिथे, मध्यरात्री आपल्या गल्लीत परत येते तिथे. शिवाय खुर्ची म्हणजे रोज सहा-आठ तासांची बैठक. मध्येच उठून जाणं जिकिरीचं, स्वच्छतागृह लांब. दोन गुण दिले ते गुडघेदुखी असलेल्यांसाठी. ज्यांना तासभर उभं राहता येत नाही त्यांनी खुर्ची जरूर घ्यावी, आणि मिळाली तर सियेर्पेसमधली घ्यावी. गल्ली इतकी अरुंद की पालखीवरच्या मेणबत्त्यांची ऊब चेहऱ्याला लागते.

भाड्याच्या गॅलरीचं गणित त्याहून वाईट. मार्गावरच्या बाल्कन्या माणशी दिवसाला शंभर युरोंच्या वर सहज जातात. खाणं-पिणं त्यात धरलेलं असतं, पण वरून बघताना छत असलेली मारियाची, म्हणजे येशूच्या आईची, पालखी म्हणजे नुसतं मखमली छत दिसतं. मूर्ती छताखाली झाकली जाते. एवढे पैसे मोजून छत कशाला बघायचं?

रस्त्यावरून बघायचं तर कार्यक्रमपत्रिका वाचता आली पाहिजे, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. स्थानिक वर्तमानपत्रं पत्रिका छापतात. कनाल सुर रेडिओची ‘एल यामादोर’ ही सर्वांत वापरातली, पुस्तिकाही आणि ॲपही. प्रत्येक मंडळापुढे चार वेळा असतात: निघणं, कांपाना, कॅथेड्रल, परत चर्चमध्ये शिरणं. या वेळा मिरवणुकीच्या सगळ्यात पुढे चालणाऱ्या क्रुसाच्या असतात, मूर्तींच्या नव्हेत. क्रुसामागे मेणबत्त्या घेतलेल्या, टोकदार टोप्यांच्या नासारेनोंच्या, म्हणजे प्रायश्चित्त करणाऱ्या सदस्यांच्या, रांगा; मग ख्रिस्ताचा पासो, म्हणजे मूर्तींचा देखावा मांडलेली भली मोठी पालखी; मग पुन्हा नासारेनो; आणि शेवटी छताखालची मारिया, तिच्यामागे बँड. समजा पत्रिकेत एका गल्लीत सात वाजता असं लिहिलंय आणि मंडळाला एका जागेवरून पुढे जायला सव्वा तास लागतो. तर सातला तिथे फक्त क्रूस येईल, ख्रिस्त साधारण अर्ध्या-पाऊण तासाने आणि मारिया सव्वाआठला. सातला पोचून साडेसातला कंटाळून निघून जाणारे पर्यटक रोज शेकड्यांनी दिसतात, आणि मंडळाचं खरं वैभव ते गेल्यावर येतं. मंडळाला किती वेळ लागतो हेही पत्रिकेत असतं. तो आकडा आधी बघा. छोट्या मंडळाचा अर्धा तास, माकारेनासारख्या हजारो नासारेनोंच्या मंडळाचा दोन तासांच्या घरात.

दिवसाला तीनपेक्षा जास्त मंडळं ठरवू नका. एकाचं निघणं, एकाचा मधला रस्ता, एकाचं परतणं, एवढं पुरे. मधल्या रस्त्यासाठी कॅथेड्रलनंतरचा परतीचा भाग निवडा. कॅथेड्रलच्या मागची चढणीची अर्गोते दे मोलिना गल्ली, जिला लोक बाकालाओची चढण म्हणतात, तिथे वजन घेऊन चढ चढताना पासो बघण्यासारखा. झावळ्यांच्या रविवारी साल्वादोर चर्चच्या उतारावरून लहान मुलांची बोरिकिता निघते. मुलं बरोबर असतील तर सुरुवात हीच. त्याच दुपारी ला पास मंडळ मारिया लुइसा उद्यानातून जातं. झाडांच्या सावलीत, प्रशस्त जागेत, नवख्याला सर्वांत सोपं. मंगळवारी एस्तुदियान्तेस जुन्या तंबाखू कारखान्याच्या, म्हणजे आताच्या विद्यापीठाच्या दारातून बाहेर पडतं आणि त्याच रात्री कांदेलारिया मुरियो बागेतून परतते. त्याच दिवशी सेरो हे उपनगरातलं मंडळ दुपार व्हायच्या आधी निघतं ते मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी पोचतं. सगळ्या आठवड्यातून एकच दुपार मिळणार असेल तर गुड फ्रायडेची घ्या आणि त्रियानाच्या पुलावर काचोरो बघा. फ्रान्सिस्को आंतोनियो रुइस गिहोनने १६८२ मध्ये घडवलेला, शेवटचा श्वास घेणारा ख्रिस्त, मागे नदी.

जवळून काय बघायचं तेही सांगायला हवं, नाहीतर लांबून सगळं सोनं-चांदीच दिसतं. पासोखाली तीस ते पन्नास माणसं असतात, कोस्तालेरो. मखमली झालरीखाली फक्त त्यांचे कापडी बूट दिसतात. डोक्याला गुंडाळलेल्या जाड कापडाच्या वळकटीवरून भार मानेच्या मुळाशी घेतात, आपल्या भोयांसारखा खांद्यावर नाही. त्यांना बाहेरचं काहीच दिसत नाही. डोळे म्हणजे पुढे चालणारा कापाताज. तो झालरीत तोंड घालून नावाने हाक मारतो, धातूच्या हातोडीचा ठोका पडतो, आणि अख्खा पासो उडी मारल्यासारखा एका झटक्यात वर येतो. पालियोचे, म्हणजे मारियाच्या छताचे, बारा चांदीचे खांब त्या झटक्याने किणकिणतात. गर्दी त्या क्षणी पूर्ण गप्प असते. मोबाइलचा फ्लॅश लावलात तर पहिली चपराक नजरेची मिळेल.

टोकदार टोप्यांविषयी एक वाक्य: अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅनशी त्यांचा काहीही संबंध नाही. तो प्रायश्चित्त करणाऱ्याचा चेहरा झाकण्याचा शतकानुशतकं जुना पेहराव आहे. गोवा वेल्ह्याला उपवासकाळात निघणारी संतांची मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना प्रायश्चित्ताची ही परंपरा ओळखीची वाटेल.

मूर्ती निवांत बघायच्या असतील तर सकाळ. ज्या दिवशी मंडळ निघणार, त्या दिवशी सकाळी त्याचं चर्च उघडं असतं आणि पासो सजवून आत उभे असतात. फुकट, हाताच्या अंतरावर, दिवसाच्या उजेडात. हुआन दे मेसाने १६२० मध्ये केलेला ग्रान पोदेर हा ख्रिस्त रात्री गर्दीत दहा मीटरवरून दिसतो आणि निघून जातो; सकाळी सान लोरेन्सो चौकातल्या चर्चमध्ये त्याला जवळून बघायला लोक रांग लावतात. ती रांग दिवसभर चालते, पण दहाच्या आत गेलात तर अर्ध्या तासात आटोपते. आठवडाभरातली सर्वांत चांगली सेवा हीच, आणि तिला पैसे पडत नाहीत.

गुरुवार-शुक्रवारची रात्र म्हणजे माद्रुगा. एका रात्रीत सहा मंडळं: सिलेन्सियो, ग्रान पोदेर, माकारेना, काल्वारियो, त्रियानाची एस्पेरान्सा, हितानोस. मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होऊन शेवटची मंडळं शुक्रवारी दुपारी घरी जातात. सगळी रात्र जागायचा हट्ट धरू नका. दहा वाजता झोपून पहाटे पाचला उठा आणि परतीच्या वाटेवरची माकारेना फेरिया रस्त्यावर किंवा त्रियानाची एस्पेरान्सा पुलापलीकडे बघा. उजाडलेलं असतं, गर्दी अर्ध्यावर आलेली असते, आणि दिवसाच्या उजेडात वितळलेल्या मेणबत्त्यांचा पालियो रात्रीपेक्षा सुंदर दिसतो. २००० आणि २०१७ मध्ये याच रात्री विनाकारण पळापळ झाली होती आणि माणसं जखमी झाली. तेव्हापासून काही रस्ते भरले की पोलीस बंद करतात. लोक अचानक पळू लागले तर बरोबर पळू नका. जवळच्या दारात किंवा कोपऱ्यात सरका आणि लाट जाऊ द्या. मेट्रो त्या रात्री न थांबता चालते, तेव्हा परतायची चिंता नको.

मिरवणूक ओलांडणं ही कला आहे. नासारेनो थांबलेले असताना, दोघांमधल्या रिकाम्या जागेतून, मान किंचित झुकवून पटकन पलीकडे जायचं. पासो आणि त्याच्या बँडच्या मधून कधीही नाही. कारेरा ओफिसियालवर मात्र हे चालत नाही, तिथे ठरलेल्या जागीच ओलांडता येतं. गर्दीच्या ठिकाणी घडीची खुर्ची किंवा स्टूल लावू नका. पोलीस उचलायला लावतात.

हाच नकाशा खोलीचा निर्णय ठरवतो. कारेरा ओफिसियाल शहराचा मध्य उभा कापते. खोली पूर्वेला सांता क्रूस किंवा आल्फाल्फात आणि तुम्ही पश्चिमेला आरेनालमध्ये, की कॅथेड्रलला वळसा घालून खोलीवर जायला तास-दीड तास लागू शकतो. हॉटेलच्या दारासमोरून मंडळ चाललं असेल तर सामान घेऊन तुम्ही बाहेर आणि खोली आत. टॅक्सी मध्यभागात येत नाही, आणि त्या आठवड्यात दरही चढे असतात. “कॅथेड्रलपासून दोन मिनिटांवर” ही जाहिरात एरवी गुण, या आठवड्यात दोष.

त्यामुळे पहिली पसंती नेर्वियोन किंवा सान बेर्नार्दो. सांता हुस्ता स्टेशन जवळ, मेट्रो दारात, आणि मेनेन्देस पेलायो रस्त्याने कॅथेड्रलपर्यंत पंचवीस मिनिटं सरळ चाल. बुधवारी सान बेर्नार्दोचं मंडळ तर पुलावरून घराजवळूनच जातं. दुसरी पसंती लोस रेमेदियोस, नदीपलीकडे, प्लाझा दे कुबा मेट्रोजवळ. तिसरी त्रियाना, पण पुलापासून दोन-तीन गल्ल्या आत. मध्यभागातच राहायचं असेल तर कारेरा ओफिसियालच्या ज्या बाजूला तुमची मंडळं जास्त, त्याच बाजूला. कधी बुक करायचं? तारखा पक्क्या झाल्याबरोबर, म्हणजे आठ-नऊ महिने आधी, आणि रद्द करता येणारीच. बऱ्याच ठिकाणी किमान चार-पाच रात्रींची अट असते. ती नको असेल तर शनिवार ते मंगळवार असा पहिला अर्धा भाग मागा. मागणी गुरुवार-शुक्रवारला फुगते. सोमवार-मंगळवार तुलनेने मोकळे, आणि मंडळं तितकीच चांगली. शहर अगदीच परवडत नसेल तर कोर्दोबाला राहून जलद गाडीने पाऊण तासात येता येतं. पण कोर्दोबाच्याही आपल्या मिरवणुका असतात, तेव्हा तिथेही ‘स्वस्त’ हा शब्द जपून वापरावा.

गाडी. मुंबई-पुण्याहून सेव्हिलला थेट विमान नाही. माद्रिदला उतरून आतोचा स्टेशनवरून जलद गाडी हा सरळ रस्ता. १९९२ मध्ये सुरू झालेला हा स्पेनचा पहिला जलद मार्ग, अंतर अडीच तासांचं. आता सरकारी रेन्फेखेरीज खासगी कंपन्यांच्या गाड्याही चालतात, म्हणून तिकीट एका संकेतस्थळावर संपलं की दुसरीकडे बघा. चार गुण म्हणून. पाचवा गेला तो दोन दिवसांमुळे: बुधवार संध्याकाळ आणि गुरुवार सकाळ सेव्हिलकडे, रविवार संध्याकाळ माद्रिदकडे. त्या गाड्या आधी भरतात आणि भावही तेव्हाच चढतात. शनिवारी म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी या, आणि बुधवारी सकाळी उलट दिशेने निघा. सगळं स्वस्त पडतं. सामान स्कॅन होतं आणि दार गाडीच्या आधी बंद होतं, म्हणून अर्धा तास आधी पोचा. विमानतळावरून सांता हुस्ता आणि प्लाझा दे आर्मासला जाणारी बस आहे. ती टॅक्सीपेक्षा भरवशाची, कारण टॅक्सीने आलात तरी शेवटचा अर्धा किलोमीटर तुम्हाला चालावंच लागतं. मध्यभागातली ट्राम या दिवसांत आखूड केलेली असते.

बाकी शहराच्या दर्शनाचं वेळापत्रक सैल ठेवा. अल्कासार हा राजवाडा गुड फ्रायडेला बंद असतो, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेलं. कॅथेड्रलच्या पर्यटकांच्या वेळा आठवडाभर कापलेल्या असतात, गुरुवार-शुक्रवारी तर धरूच नका. गुरुवार आणि शुक्रवार सेव्हिलच्या आंदालुसिया प्रांतात सुट्टी, सुपरमार्केट बंद. बुधवारी पाणी, फळं, दूध घेऊन ठेवा. ईस्टर सोमवार मात्र इथे कामाचा दिवस असतो, बार्सेलोनाला सुट्टी. दोन्ही शहरं जोडणाऱ्यांची इथे फसगत होते. आपल्याकडच्या काही सहल कंपन्या ‘स्पेन-पोर्तुगाल दहा दिवस’मध्ये सेव्हिलची एकच रात्र याच आठवड्यात घालतात. बस मध्यभागात शिरत नाही, अल्कासार बंद, आणि गट मिरवणुकीमागे अडकतो. असा कार्यक्रम दिसला तर तारीख विचारूनच पुढे जा.

पाऊस. इथे पावसात मिरवणूक निघत नाही. चारशे वर्षांचं लाकूड, सोन्याच्या जरीचं कापड, भिजवणार कोण? मंडळाचे लोक हवामान खात्याचे नकाशे बघत बसतात, अर्धा तास वाढवून मागतात, आणि निघायच्या वेळी दारातून “नाही” असं सांगतात. आतून रडण्याचा आवाज येतो, बाहेर लोक टाळ्या वाजवून पांगतात. २०२४ मध्ये नेल्सन वादळाने आठवड्याच्या उत्तरार्धात मंडळांमागून मंडळं आतच राहिली. हॉटेलचे पैसे परत मिळत नाहीत, खुर्चीचेही गृहीत धरू नका. न निघालेलं मंडळ बऱ्याचदा चर्च उघडून लोकांना पासो दाखवतं. अशा रात्री रांग कुठे आहे ते ॲपवर कळतं. पूर्ण आठवडा राहणाऱ्याला एक-दोन दिवस गमावल्याने फरक पडत नाही. गुरुवारची एकच रात्र धरून आलेल्याचं मात्र सगळंच बुडतं. म्हणून तीनपेक्षा कमी रात्रींसाठी सेव्हिल नको.

खाणं लोक समजतात त्यापेक्षा शाकाहाऱ्याला सोपं आहे, फक्त सापळे माहीत हवेत. उपवासकाळ असल्यामुळे मांस कमी आणि मासे-भाज्या जास्त. एस्पिनाकास कोन गार्बान्सोस म्हणजे जिरं घातलेला पालक-हरभरा; हा जवळजवळ प्रत्येक बारमध्ये असतो आणि भाकरी नसल्याची उणीव सोडली तर घरचाच वाटतो. पण तसाच दिसणारा पोताहे दे विहिलिया घेऊ नका. त्या हरभऱ्यात खारवलेला बाकालाओ मासा असतो. साल्मोरेहो या थंड टोमॅटो सूपवर हॅम आणि अंडं भुरभुरवतात, म्हणून मागतानाच “सिन हामोन, सिन उएवो” म्हणा. बटाट्याच्या पापास आलिन्यासमध्ये बऱ्याचदा ट्यूना असतो. काकवीसारखा पाक घातलेली तळलेली वांगी बिनधास्त. गोडात तोरिहास: पाव दुधात किंवा वाइनमध्ये भिजवून, अंड्यात बुडवून तळतात, वर मध किंवा साखर. अंडं आणि वाइन चालत नसेल तर दुधातली आहे का ते विचारून उपयोग नाही, अंडं असतंच. अंडं टाळायचं तर त्यापेक्षा पेस्तिन्योस बरे, पण त्यांच्या पिठात बऱ्याचदा वाइन असते. तीळ-बडीशेपेच्या कडक तळलेल्या पट्ट्या, मधात घोळलेल्या, आपल्या शंकरपाळ्यांच्या चुलत बहिणी. तोरिहासाठी सियेर्पेसच्या तोंडावरचं १८८५ चं कांपाना हे मिठाईचं दुकान प्रसिद्ध आहे. मिरवणुकीच्या वेळी तिथे रांग रस्त्यावर येते, सकाळी नऊला गेलात तर काउंटरवर उभं राहून खाता येतं. मध्यभागातले बार या दिवसांत उभ्यानेच खायला देतात, यादी छोटी असते, रोख जवळ ठेवा. स्वच्छतागृह हवं तर एक कॉफी घ्यायची, हा अलिखित नियम.

कपडे. दुपारी वीस-बावीस अंश, पहाटे दहाच्या आसपास. स्वेटर आणि हलकं जॅकेट दोन्ही लागतात. गुरुवारी स्थानिक बायका काळ्या पोशाखात डोक्यावर जाळीदार मान्तिया घालून चर्च फिरतात, पुरुष काळा सूट. तुम्ही तसं करायची गरज नाही, पण भडक शर्ट आणि हाफ पँट त्या दिवशी खटकतात. झावळ्यांच्या रविवारी मात्र नवं काहीतरी घालायचंच, निदान मोजे. नाहीतर हात गळून पडतात अशी तिथली म्हण आहे. आपला पाडवा. बूट रबरी तळव्याचे: आठवडाभरात रस्त्यावर मेणाचा थर साचतो, फरशीवर पावलं चर्र वाजतात आणि घसरतात. नासारेनोच्या मेणबत्तीचं मेण मुलं मागून घेतात आणि वर्षानुवर्षं गोळा मोठा करत नेतात. तुमच्या मुलालाही देतील. जॅकेटवर सांडलं तर खरवडून काढा, मग वर-खाली कागद ठेवून इस्त्री फिरवा. मेण कागदात उतरतं.

व्हिसाचं गणित मागे मोजायचं. शेंगेन अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, किमान पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण पंचेचाळीसपर्यंत लागू शकतात. फी प्रौढाला ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलाला ४५, त्याहून लहानाला नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. मार्चच्या ईस्टरसाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अर्ज टाका. फेब्रुवारीत उन्हाळ्याच्या सुट्ट्यांचे अर्ज सुरू होतात आणि वेळ मिळणं अवघड होतं. अर्ज त्या देशाकडे, जिथे जास्त रात्री. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल. सेव्हिलला पाच आणि लिस्बनला पाच रात्री ठेवून लिस्बनला आधी उतरलात तर अर्ज पोर्तुगालकडे. विमा ३०,००० युरोंचा, पूर्ण मुक्कामासाठी. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध आणि दहा वर्षांच्या आत दिलेला हवा. हॉटेलची खरी बुकिंग लावा. व्हिसासाठी काढून लगेच रद्द केलेली तपासात सापडते. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरलेल्या भारतीयांना २०२४ पासून दोन वर्षांचा मिळू शकतो, अर्जात जुने व्हिसा जोडायला विसरू नका. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर नवी डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने आली आहे. माद्रिदला उतरल्यावर पुढची गाडी किमान चार तासांनंतरची ठेवा.

ज्यांना अरुंद गल्ल्यांतली गर्दी नको त्यांच्यासाठी मालागा. तिथे पासोऐवजी सिंहासनं, दोनशेवर माणसं खांद्यावर घेतात, रस्ते रुंद, बघणं सोपं, आणि बुधवारी एका कैद्याला सोडण्याची जुनी प्रथा. पण जवळिकीत सेव्हिल वरचढ. सिसिलीत त्रापानीला गुड फ्रायडेच्या दुपारी निघालेली वीस मूर्तिसमूहांची मिरवणूक शनिवारपर्यंत चालते. एकच रात्र देता येत असेल तर ती जास्त चांगली गुंतवणूक.

आणि २०२७ ला जाणाऱ्यांसाठी शेवटची एक गाठ. ईस्टरचा रविवार, २८ मार्च, हाच त्या वर्षी युरोपात घड्याळं एक तास पुढे करण्याचा दिवस आहे. पहाटे दोनला तीन वाजतात. मोबाइल स्वतः बदलतो, हॉटेलच्या टेबलावरचं घड्याळ बदलत नाही. त्या सकाळी पुनरुत्थानाच्या मंडळाला जायचं असो की माद्रिदची गाडी धरायची असो, गजर मोबाइलवरच लावा. घरी फोन करतानाही लक्षात असू द्या: शनिवारपर्यंत भारत साडेचार तास पुढे, रविवारपासून साडेतीन.